ती ‘बरी आहे’ म्हणते तेव्हा

आम्ही ग्रामसंघाच्या आरोग्य समितीतल्या बाया बोलतोय. मागच्या दोन भागांत तोंडाची, स्तनाची आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी कशी होते ते सांगितलं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीनं आशाताईला गाठून ती करून घ्यायची, हेही सांगून झालं. आज तपासणीचं बोलायचं नाही. ज्या घरात कॅन्सर निघालाच आहे, त्या घरातल्या आजारी माणसाच्या मनात काय चाललंय, लोकांत त्याचं काय होतंय, हे आपण कसं ओळखायचं त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या एका गटात एक आक्का आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास. स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाला. आधी महिन्याच्या मीटिंगला सगळ्यांत पुढं बसायच्या, कर्जाच्या हिशेबात कुणाची चूक निघाली तर पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात यायची. त्या यायच्या बंद झाल्या. बचतीचे शंभर रुपये धाकट्या जावेबरोबर पाठवायच्या. आम्ही जावेला विचारायचो, “आक्का कशा आहेत गं?” ती म्हणायची, “बऱ्या आहेत.” झालं. आम्ही वहीत गैरहजर लिहायचो आणि नियमाप्रमाणे दहा रुपये दंड लावायचो. तीन महिने लावला.

चौथ्या महिन्यात जावेनं आक्कांचं पासबुक आणलं. गटातून नाव कमी करा आणि साठलेली बचत मुलीच्या हातात द्या, असा निरोप होता. आमची सचिव अर्ज लिहायला बसलीसुद्धा. कागद नीट झाला पाहिजे एवढीच आम्हाला काळजी. तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, “थांब जरा. तिच्यावर कर्ज नाही, तिचं कुणाशी भांडण नाही. मग बाई हिशेब का मिटवतेय?”

काकू त्याच संध्याकाळी आक्कांच्या घरी गेल्या. आक्का मागच्या खोलीत एकट्याच पडलेल्या. ताट, तांब्या, कप सगळं वेगळं करून कोनाड्यात ठेवलेलं. काकूंनी चहा मागितला आणि मुद्दाम त्याच कपातून प्यायला. मग पाय दाबत बसल्या. तासाभरानं आक्का बोलल्या, “काकू, माझ्यापायी बैल विकला. पोरीचं लग्न पुढं ढकललं. मी गेले म्हणजे सगळे मोकळे होतील.” आणि हे बोलणं आजारानं जाण्याबद्दल नव्हतं.

काकू रात्री तिथंच झोपल्या. सकाळी घरातल्यांना गोळा करून सांगितलं, शेतावरच्या खोलीतलं फवारणीचं औषध आधी उचललं, आणि दोन दिवसांत आक्कांना जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात नेलं. आक्का आज आहेत. हे बोलणं रेडिओवर सांगायच्या आधी आम्ही त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, “दंडाचंही सांगा.” दंडाचे तीस रुपये आम्ही परत केले. त्यांनी ते मोजून घेतले.

तेव्हापासून आमच्यात एक ठरलंय. ‘बरी आहे’ हे उत्तर धरायचं नाही. आपल्याकडं बाईला ‘बरी आहे’ म्हणायची सवयच आहे. ताप असला तरी बरी, मार खाल्ला तरी बरी. त्यातून कॅन्सरचं नाव लागलं की आपल्या दुखण्याचं आणखी काय सांगायचं, असं तिला वाटतं. डॉक्टरांपुढं तर ती बोलतच नाही. बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टर गाठीचं, रक्ताचं, गोळ्यांचं विचारतात, आणि ही मान हलवून उठते. तिला रोज बघणारी माणसं म्हणजे आपण. म्हणून ओळखायचं कामही आपल्याकडं येतं.

आता तुम्ही म्हणाल, केमो घेतलेली बाई गळून जातेच, जेवण जात नाही, झोप लागत नाही, मग हे आजाराचं की मनाचं, आम्हाला कसं कळावं? आमचीही फसगत इथंच झाली होती. जे बघायचं ते सांगतो. केमोच्या थकव्याला बहुतेक वेळा तारीख असते. औषध चढवल्यावर पहिले काही दिवस फार वाईट जातात, मग हळूहळू जरा उभारी येते, पुढच्या केमोपर्यंत बाई थोडं उठते-बसते. मनाची उदासी तारीख बघत नाही. चांगल्या दिवसांतही ती तशीच राहते. दुसरं, अंगात ताकद नसली तरी जीव कशात अडकलाय का ते बघा. थकलेली बाई पडल्या पडल्या विचारते, म्हैस व्यायली का, नातू शाळेत गेला का, कांद्याला भाव काय मिळाला. उदास झालेली बाई विचारत नाही. नातू पुढ्यात आणून बसवला तरी नजर भिंतीकडं. असं दोन आठवडे सलग चाललं असेल, दिवसातला बराच वेळ चाललं असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. आणि बोलण्यात काय येतं ते ऐका. ‘मी ओझं झाले’, ‘मागच्या जन्मीचं पाप’, ‘आता काय राहिलंय’ हे शब्द थकव्याचे नसतात.

यात एक पोटमेख आहे. रक्त फार कमी झालं असेल, दुखणं आवरत नसेल, थायरॉइडचा त्रास असेल, तरी माणूस असंच मलूल होतं. केमोबरोबर दिलेल्या काही औषधांनी झोप उडते, चिडचिड होते. त्यामुळं तुमच्या लक्षात आलेलं डॉक्टरांना सांगायचंच, तुमच्या मनानं निकाल द्यायचा नाही.

आणि एक गोष्ट मात्र थांबायची नाही. पेशंट एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागला, माणसं ओळखेना, रात्रभर ओरडला, तर ती बाहेरची बाधा नाही. अंगात जंतूंचा संसर्ग, रक्तातले क्षार कमी-जास्त होणं, एखादं औषध न सोसणं, अशी कारणं त्याच्यामागं असतात. देवऋषाकडं उतारा टाकण्यात रात्र घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना.

आता लोकांतल्या त्रासाकडं येऊ. हा त्रास तर आपणच देतो.

आक्कांचा कप वेगळा कुणी केला? घरातल्यांनी. का? लागण होईल म्हणून. कॅन्सर एकाच्या ताटातून दुसऱ्याला होत नाही. हात लावून, शेजारी झोपून, लेकराला मांडीवर घेऊन होत नाही. केमो चालू असताना तिला गर्दीपासून, सर्दी-तापाच्या माणसापासून जपायला सांगतात ते तिला आपल्याकडून संसर्ग होऊ नये म्हणून. आपण नेमकं उलटं समजतो. तुम्ही कुणाच्या घरी गेलात तर कोनाडा बघा. ताटवाटी वेगळी दिसली, अंथरूण मागच्या खोलीत गेलं असलं, चार बाया आल्यावर तिला बाहेर बोलावत नसले, तर समजा तिला आतून काय होतंय ते.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं तर वेगळंच दुःख. हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो आणि तो विषाणू संबंधातून येतो, एवढी अर्धी माहिती घरात पोचते आणि नवरा, सासू संशयानं बघायला लागतात. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक बाया-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि आपोआप जातो. थोड्याजणींच्या अंगात तो वर्षानुवर्षं राहतो आणि त्यातून पुढं रोग होतो. आलेलाही बहुतेकदा नवऱ्याकडूनच असतो. यात बाईच्या चालीचा काही संबंध नाही. अशा बाईच्या घरात अबोला दिसला, ती माहेरी जाऊन बसली, तर कारण विचारायला जरा धीर करा.

तोंडाच्या कॅन्सरच्या बाईला मिश्रीवरून बोल लावतात. “लाव आणखी मिश्री!” मिश्री वाईटच, ती सोडायलाच हवी, पण तिला ती लावायला शिकवली कुणी? आई-आजीनंच. दात दुखले की बोटभर घे म्हणून. आता तिला खाताना लाळ गळते, तोंड उघडत नाही, म्हणून ती सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवते किंवा जेवतच नाही. वजन उतरतंय ते नुसतं आजारानं नाही, लाजेनंही उतरतंय.

केस जातात तेव्हाचं आम्ही फार हलकं घेत होतो. “येतील की परत,” असं म्हणायचो. केमोनं गेलेले केस बहुतेकांचे परत येतातही. पण आपल्या गावात बोडकं डोकं म्हणजे काय, हे जुन्या बायांना विचारा. नवरा जिवंत असताना विधवेसारखी दिसते, असं एकीच्या सासूनं तोंडावर सांगितलं होतं. त्यात ऑपरेशनच्या वेळी, स्कॅनच्या वेळी मंगळसूत्र काढून ठेवायला लावतात, काहींना हात सुजतो म्हणून बांगड्या घालता येत नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण तिला बोलावत नाही. मुद्दाम टाळलं असं नाही, ‘तिला कशाला त्रास’ म्हणून. तिला कळतं ते कळतंच. मागच्या संक्रांतीला आम्ही सगळ्यांत आधी आक्कांकडं गेलो. डोक्याला रुमाल बांधून त्या दारात उभ्या होत्या.

स्तन काढल्यावर पदर सारखा ओढून घेणं, सगळ्यांच्या आधी उठून कपडे बदलणं, नवऱ्यापासून लांब झोपणं, हे पण बघण्यासारखं. पिशवीला किरणांचा उपचार, म्हणजे रेडिएशन घेतल्यावर आतून कोरडेपणा येतो, जवळ येणं दुखतं. त्यावर उपाय असतात, नर्सताईंना विचारता येतं. पण विचारणार कोण? नवऱ्याला वाटतं बायको टाळते, बायकोला वाटतं नवऱ्याला आपली किळस आली. दोघंही गप्प. हे बोलायला दुसरी बाईच लागते.

मग एक मोठा प्रश्न राहतो, तो म्हणजे पेशंटला सांगितलेलंच नसतं. आपल्याकडं पोरगा फाइल घेऊन फिरतो आणि डॉक्टरांना खुणेनं सांगतो, आईला सांगू नका. हेतू चांगला असतो. पण ती कॅन्सरच्या दवाखान्यात बसलेली असते, शेजारच्या बाकावरच्यांचं बोलणं ऐकत असते. तिला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. घरचे तिच्यापासून लपवतात, ती घरच्यांपासून लपवते की मला कळलंय. मग रडायचं कुणापुढं? ती एकाएकी फार गप्प झाली, किंवा “मला काय झालंय गं?” असं तुम्हाला बाजूला घेऊन विचारायला लागली, तर हे ओळखा. तुम्ही परस्पर सांगून टाकू नका. तिला उलट विचारा, “तुम्हाला काय वाटतं काय झालंय?” आणि ऐका. नंतर मुलाला सांगा की आई विचारतेय, डॉक्टरांपुढं तिला बसवून बोला.

विचारायचं कसं, यावर थोडं. अमेरिकेत जिमी हॉलंड नावाच्या एक डॉक्टर होत्या. टेक्सास राज्यातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. नवरा कॅन्सरचा डॉक्टर. बाईंच्या लक्षात आलं की पेशंटला सगळं विचारतात, पण तुला कसं वाटतंय हे कुणी विचारत नाही. 1977 साली त्यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात मनाच्या उपचाराचं काम उभं केलं. पुढं त्यांच्या पुढाकारानं एक साधी पट्टी निघाली, ताप मोजायच्या थर्मामीटरसारखी. खाली शून्य, वर दहा. आजच्या दिवसासकट गेल्या आठवड्यात तुमच्या जिवाला किती घोर होता, तेवढ्या आकड्यावर खूण करायची. चार किंवा त्याच्या वर असेल तर पुढं चौकशी करायची. जगभरच्या कॅन्सरच्या दवाखान्यांत ही पट्टी वापरतात.

आमच्याकडं कागद नाही, आम्ही बोटांवर विचारतो. मुठी झाकलेल्या म्हणजे काही घोर नाही, दहाही बोटं म्हणजे सोसवत नाही. “दाखवा बघू, या आठवड्यात किती?” बाया बोलत नाहीत पण बोटं दाखवतात. तोंडाचं ऑपरेशन झालेल्या एका मामांना बोलता येत नव्हतं, त्यांनी आठ बोटं दाखवली आणि रडले. चार बोटं वर आली की पुढचं विचारा: घोर कशाचा? पैशाचा, घरातल्यांचा, दुखण्याचा, मरणाचा, की देव रुसला असं वाटतंय? कशाचा ते कळलं तर निम्म्या वेळा रस्ता दिसतो.

त्या वेळी आपलं तोंड आवरायला शिका, हे आम्ही स्वतःला सांगतो. “अमकीला पण हाच झाला होता, सहा महिन्यांत गेली” हे भेटायला गेल्यावर सांगणाऱ्या बाया आपल्यात आहेत. आणि “काही होत नाही, हिंमत धर” हेही फार लवकर म्हणू नका. ती घाबरल्याचं सांगायला तोंड उघडते आणि आपण हिमतीचं झाकण लावतो.

जीव द्यायची गोष्ट सरळ शब्दांत विचारायची. “जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्यानं ते डोक्यात भरतं, असं आम्हालाही वाटायचं. तसं होत नाही. उलट ओझं हलकं होतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही, फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा तिच्या हाताला लागणार नाही असं करायचं, घरातल्या एका शहाण्या माणसाला सांगायचं, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात न्यायचं. रात्री-अपरात्री 14416 हा नंबर लावा. टेलि-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. यात गुपित पाळायचं नसतं. “कुणाला सांगू नका” म्हणाली तरी सांगायचं, आणि सांगणार आहोत हे तिलाही सांगायचं.

पैशाचा घोर वेगळ्याच रूपात दिसतो. “गाडी चुकली”, “घरात पाहुणे आले”, “पुढच्या आठवड्यात जाईन” अशी केमोची तारीख दोनदा टळली की समजा, भाड्याला पैसे नाहीत किंवा बाईनं मनातून सोडून दिलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातली सगळी कुटुंबं बसतात, वर्षाला 5 लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात. तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटायचं. संजय गांधी निराधार योजनेत गरीब कॅन्सर पेशंट बसतो. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना राहायची पंचाईत असते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं पेशंटची आणि सोबतच्याची सोय होते. टाटाला समाजसेवा विभाग आहे, बुजू नका, तिथल्या ताईंना गाठा. या गोष्टी मनाच्या नाहीत असं वाटेल, पण आक्कांना पहिली झोप लागली ती बैल विकायच्या आधी योजनेचा कागद झाला असता तर काय झालं असतं, असा हिशेब त्यांनी थांबवला तेव्हा. आणि पुढच्या उपचाराचा खर्च योजनेतून झाला तेव्हा.

सोबत करणाऱ्याकडंही बघा. आक्कांची जी जाऊ ‘बऱ्या आहेत’ म्हणायची, तीच पोर दवाखान्याच्या खेपा करत होती, तिचीच दोन लेकरं शेजारी जेवत होती. तिला आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. तिनं सात बोटं दाखवली.

उपचार संपले की लोक म्हणतात, सुटली बाई. येणं-जाणं बंद होतं. पण दर तपासणीच्या आधीचा आठवडा तिला भाकरी गोड लागत नाही. पाठ दुखली तरी तेच, खोकला आला तरी तेच मनात येतं. आमच्या वहीत आता आक्कांच्या तपासणीच्या तारखा लिहिलेल्या आहेत, कर्जाच्या हप्त्यांच्या शेजारीच. त्या आठवड्यात आमच्यातली एकजण जाऊन येते. कधी कधी त्या म्हणतात, “आज नको गं, आज खरंच बरी आहे, मला रान गाठायचंय.” मग आम्ही परत येतो.

तुमच्या गटाच्या पुढच्या मीटिंगला हजेरी घेताना, कोण किती महिने आली नाही ते एकदा वाचून काढा. पुढच्या बुधवारी याच वेळी, कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला रेल्वेची सवलत मिळते तिचा फॉर्म दवाखान्यातून कसा भरून घ्यायचा, ते सांगू. वही-पेन जवळ ठेवा. आणि तो नंबर परत एकदा, 14416.